जुन्या फोटोंची छाननी : बेळगाव-शहापूरच्या एका वाचनालयातल्या नोंदी

८ जून २०२५

गेल्या डिसेंबरात १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची शंभरी झाली आणि गावातल्या ट्रंका उघडल्या. ज्याच्या त्याच्या घरात ‘गांधीजींबरोबरचा’ एक फोटो निघतोय. वाचनालयाने ठरवलंय की गणपतीत मंडपाशेजारच्या खोलीत जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. जमा करणं, स्कॅन करणं, खाली ओळ लिहिणं हे काम आमच्याकडे आलं. ही वही त्याचीच. खानापूर-निपाणीकडे कुणी असंच काही करणार असेल तर त्यांचा वेळ वाचावा.

सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवले. ढिगाने आले, बहुतेक निरुपयोगी. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप, फोटो घेणाऱ्याच्या बोटांची सावली, पाटीवरची अक्षरं पुसट, आणि मागची बाजू कुणीच पाठवलेली नाही. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पोस्टकार्डाची आखणी असते, हस्ताक्षर असतं. निम्मं काम तिथेच होतं. आता घरी जाऊनच स्कॅन करायचं. स्कॅनर सेकंडहँड घेतला, साडेचार हजारांना. फोटो घराबाहेर न्यायचा नाही असं सांगितलं की लोक मोकळेपणाने दाखवतात.

१४ जून

पाऊस लागला. बेळगावच्या पावसात फ्रेमच्या काचेला फोटो चिकटतात आणि घरचे लोक हौसेने सोलायला बसतात. सोलायचं नाही. काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवला तरी बऱ्यापैकी येतो.

सर्वांत वाईट ते ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम. डिंक पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरलेला असतो. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवला तर बरेच सुटतात. जे सुटत नाहीत ते पानासकट स्कॅन.

मागे पेनने काही लिहायचं नाही. मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला.

२२ जून

रजिस्टरचे रकाने बदलले. आधी ‘फोटोची माहिती’ असा एकच रकाना होता आणि त्यात सगळी खिचडी झाली होती. आता चार आहेत : फोटोत काय दिसतं, मागे काय लिहिलंय, घरचे काय सांगतात, आमचा तर्क. पहिला रकाना भरताना घरच्यांना विचारायचं नाही. आधी ऐकलं की तेच दिसायला लागतं. रकाने वेगळे केल्यावर लक्षात आलं की आपण ज्याला फोटोचा पुरावा म्हणतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात असतो, पहिल्यात नसतोच.

२९ जून

आजचा अख्खा दिवस एकाच फोटोवर गेला.

टिळकवाडीतल्या एका काकांकडचा. कमानीसमोर उभे वीस-बावीस पुरुष, मधोमध पागोटं घातलेला किरकोळ बांध्याचा माणूस. मागे लिहिलंय : ‘बेळगाव काँग्रेस १९२४, म. गांधी व आजोबा’. शंभरीच्या वेळी हा फोटो बराच फिरला होता.

पहिला रकाना भरताना अडखळलो ते पागोट्यापाशी. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला अंगरखा-टोपी सोडून पंचा धरला. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, ते बेळगावला अध्यक्ष होते, त्यांच्या आयुष्यातलं तेवढंच अध्यक्षपद. त्या वेळचे त्यांचे फोटो भरपूर आहेत आणि त्यांत पागोटं नाही. काठेवाडी पागोटं आणि अंगरखा ही आफ्रिकेतून परतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांची गोष्ट.

मग सावल्या बघितल्या. माणसांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या, कुठेही लांब पडलेल्या नाहीत. बेळगाव सुमारे १५.८ अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर इथे भर दुपारीही सूर्य ५१ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे पाच फुटी माणसाची सावली चार फुटांहून कमी होतच नाही. हा फोटो डिसेंबरातला नाही. बेळगावचा असेल तर बहुधा उन्हाळ्यातला.

मागची अक्षरं भिंगाखाली धरली तर बॉलपेनची निघाली. वळणावर शाईचे ठिपके आणि कागदावर खळगा. आपल्याकडे बॉलपेन घरोघरी आलं त्याआधी दोन पिढ्यांचा हा कागद. ओळ खूप नंतर कुणीतरी आठवणीने लिहिलेली आहे.

मग मोह होतोच. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती, टिळकांनी होमरूल लीग तिथेच काढली, आणि त्या परिषदेला गांधीजीही आले होते. त्या दिवसांत इथे मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पागोटं जुळतं, सावल्या जुळतात. आमच्यातला एक जण उड्या मारायला लागला. पण मधला माणूस गांधीजी आहेत हे सांगणारं त्या बॉलपेनशिवाय काहीच नाही. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. पागोटं घालणारे किरकोळ पुरुष त्या काळी प्रत्येक गल्लीत होते.

काकांना सांगणं अवघड गेलं.

“म्हणजे आमचे आजोबा गांधींना भेटलेच नाहीत म्हणता?”

“तसं कसं म्हणेन काका. भेटले असतील. ह्या फोटोवरनं ते कळत नाही, एवढंच.”

“आणि शंभरीत छापून आला त्याचं काय?”

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मात्र दिला त्यांनी.

३ जुलै

वडगावच्या एका घरातला फोटो. लग्नाचा, खुर्च्यांवर बसलेली वडीलधारी मंडळी. घरचे म्हणतात, पणजोबांनी काळा फेटा बांधलाय कारण त्या वर्षी घरात प्लेगने माणूस गेलं होतं. गोष्ट चांगली आहे. पण शेजारच्या बाईच्या कपाळावरचं कुंकूही काळंकुट्ट आहे आणि ते तर काळं असणार नाही.

लाल रंग काळा का येतो हे बघायला मोठा खर्च लागत नाही. वाचनालयात भगवा ध्वज, हळदीची वाटी, कुंकवाचा करंडा, निळा शर्ट आणि पांढरं धोतर एका रांगेत मांडलं. फोनने रंगीत फोटो काढला, संगणकावर फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडला आणि फक्त निळा चॅनल ठेवून बाकीचे काढून टाकले. ध्वज काळा. कुंकू काळं. हळदसुद्धा गडद राखाडी. निळा शर्ट मात्र धोतराच्या जवळपास पांढरा झाला. बघायला आलेली मुलं हसायला लागली.

जुन्या काचेच्या प्लेटा (फिल्मच्या आधीच्या निगेटिव्ह) साधारण अशाच बघायच्या : निळा प्रकाश टिपायच्या, लाल नाही. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवा-पिवळा दिसू लागला, लाल तरीही नाही. म्हणून तर स्टुडिओवाले लाल दिव्याखाली त्या धुवायचे. तांबडा दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म नंतर रुळली. तर पणजोबांचा फेटा लाल असेल, भगवा असेल, किरमिजी असेल. लग्नात तेच असतं. काळा असणंही अशक्य नाही, पण फोटो ते सांगत नाही. आकाश पांढरंफटक दिसतं तेही याच कारणाने, ढग होते की नव्हते ते त्यावरून ठरवायचं नाही.

प्लेगची गोष्ट तिसऱ्या रकान्यात ठेवली आहे. ती खरी असू शकते. फेट्याला तिचा साक्षीदार मात्र करायचं नाही.

१३ जुलै

एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, हात अजून स्थिर. रिटचिंगचं उतरतं डेस्क त्यांनी माळ्यावरून काढून दाखवलं. मधोमध चौकोनी खिडकी, खाली आरसा. आरशावरून उजेड वर येतो, निगेटिव्ह खिडकीवर ठेवायची, तिच्यावर एक चिकटसर द्रव बोटाने चोळायचा म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन डोळ्यांखालच्या सुरकुत्या भरत बसायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे छापात उजळ येतं. “देवीचे व्रण असले की माझी संध्याकाळ जायची. पैसे तेवढेच,” म्हणाले.

नेहमीचं दुसरं काम म्हणजे जोडफोटो. भाऊ मुंबईला गिरणीत, लग्नाला पोचला नाही. त्याचा वेगळा फोटो मागवायचा, कात्रीने कापायचा, ग्रुपफोटोवर चिकटवायचा, कडा रंगाने मिटवायच्या आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. मेलेल्या वडिलांनाही असंच आईशेजारी बसवायचे. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं, घरच्यांनीच सांगून करून घेतलेलं असायचं. पण नातवंडांना ते ठाऊक नसतं आणि ती म्हणतात, आजोबा लग्नाला हजर होते.

ओळखायचं कसं ते विचारलं. म्हणाले, पाय बघा. चेहऱ्याची कड आम्ही मिटवायचो, पायाशी सावली घालायचा कंटाळा करायचो. घरी येऊन आमचे सगळे ग्रुपफोटो पुन्हा काढले आणि फक्त पाय बघितले. खडेबाजारातल्या एका कुटुंबाच्या फोटोत डावीकडचा तरुण जमिनीवर टेकलेलाच नाही, आणि त्याच्या नाकाची सावली इतरांच्या उलट बाजूला पडलीय.

पडदा, कुंड्या, जाड पुस्तक, मनगटी घड्याळ, कोट हेही सगळं स्टुडिओचं. एकच कोट तीन वेगळ्या घरांच्या फोटोंत सापडला. उजव्या खिशाला तोच डाग.

स्टुडिओच कशाला, इतिहासातले गाजलेले फोटोही मांडलेले असतात. फेलिचे बिआतो या फोटोग्राफरने लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो काढला तो १८५८ च्या वसंतात, लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये. अंगणात पसरलेल्या कवट्या-हाडं फोटोसाठी उकरून मांडलेली होती. पडलेली इमारत खरी, हाडंही खरी. लढाईनंतर लगेच असं दिसत होतं असं समजलो की फसलो.

१९ जुलै

शहापूर बाजाराचा फोटो. आमच्या संग्रहातला सगळ्यांत देखणा, आणि सगळ्यांत भांडणं याच्यावरून झाली.

आधी तांत्रिक. कॉलेजच्या एका मुलाने घरी तो एआय अ‍ॅपमध्ये घालून ‘साफ’ करून आणला. चेहरे गुळगुळीत, डोळे चकाकणारे, आणि दुकानांच्या पाट्यांवर छान ठसठशीत अक्षरं. ती अक्षरं देवनागरी नाहीत आणि कन्नडही नाहीत. दोन्ही बाजूंना सारखीच अमान्य अशी लिपी अ‍ॅपने तयार केलीय. अ‍ॅपला जे दिसत नाही ते तो भरतो. पुराव्याच्या कामात त्याला बंदी. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरात कुलपात, उजेड-अंधार कमीजास्त करायचा तो नकलेवर.

त्यापेक्षा सरळ बाराशे डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला. हा छाप प्लेटवर कागद ठेवून काढलेला, मोठा न केलेला, त्यामुळे बारकावे भरपूर. डावीकडच्या पाटीवर ‘आणे’ हा शब्द स्वच्छ वाचता आला. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. म्हणून फोटो त्याआधीचा? तसं नाही. पाट्या वर्षानुवर्षं लटकत राहतात आणि माणसं आणे तर त्याहून जास्त वर्षं बोलत राहिली. उलट पाटीवर ‘न. पै.’, म्हणजे नये पैसे, असतं तर १९५७ च्या आधीचा नाही हे ठाम सांगता आलं असतं. फोटोतली वस्तू ‘याच्या आधीचा नव्हे’ हे भक्कम सांगते, ‘याच्या नंतरचा नव्हे’ हे सहसा सांगत नाही. गाडीच्या नंबरात एम वाय आलं की म्हैसूर राज्याची नोंदणी, म्हणजे आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ नंतर. बी वाय असेल तर मुंबई राज्याची, पण ती गाडी १९६५ लाही रस्त्यावर असू शकते. स्टेशनच्या फोटोत दक्षिण रेल्वे असेल तर १९५१ च्या आधीचा नाही, दक्षिण मध्य असेल तर १९६६ च्या आधीचा नाही.

आता भांडण. वाचता येतात त्या सगळ्या पाट्या मराठी आहेत, एक इंग्रजी. कमिटीतल्या एका ज्येष्ठांना खाली ओळ हवी होती : ‘शहापूर मराठीच होते याचा पुरावा’. मी मराठीच आहे, माझ्या घरात सीमाप्रश्न जेवणाच्या पानावर वाढला गेलाय. तरी ही ओळ मी लिहिणार नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं आणि संस्थानाचा कारभार मराठीत चालायचा. दुकानदार पाटी लिहितो ती कचेरीला आणि वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावी म्हणून. माग चालवणारी कितीतरी घरं घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलायची, आजही बोलतात, आणि बहुतेकांना तेव्हा दोन्ही वाचता येत नव्हतं. पाटीवरून पाटीची भाषा कळते, कारभाराची आणि व्यापाराची भाषा कळते. चुलीपाशी काय बोलत होते ते तिच्यात नाही. शिवाय कॅमेऱ्याने रस्त्याची एकच बाजू घेतलीय. फोटोग्राफरच्या पाठीमागे काय होतं?

“मग समोरच्यांनी कन्नड पाटीचा फोटो आणला तर?”

“त्यालाही हेच सांगायचं.”

“ते ऐकणार आहेत होय?”

नसतील ऐकत. शेवटी ओळ अशी ठरली : ‘शहापूर बाजार, सांगली संस्थानाच्या काळातला असावा. दिसणाऱ्या पाट्या मराठी व इंग्रजी.’ ज्येष्ठ अजून घुश्श्यात आहेत.

२७ जुलै

काचेच्या प्लेटा. मंद, किंचित खरबरीत बाजू म्हणजे इमल्शन, प्रकाश टिपणारा थर. ती चुकून उलटी धरली की छाप आरशासारखा येतो. पाटी असेल तर लगेच कळतं. नसेल तर नथ बघायची, आपल्याकडे ती डाव्या नाकपुडीत. एका फोटोत ओळीने सगळ्या बायकांची उजव्या नाकपुडीत. फिरवला.

३ ऑगस्ट

रजिस्टर चाळताना खटकलं की १९४० च्या आधीचे आमचे जवळजवळ सगळे फोटो वाडेवाल्यांचे, वकिलांचे, सावकारांचे आणि पेढीवाल्यांचे आहेत. हे प्रदर्शन बघून कुणाला वाटेल, जुनं शहापूर म्हणजे कोट-पागोट्यांचं गाव.

मागवाल्यांच्या गल्लीत मुद्दाम गेलो. एका घरातल्या आजी मागाशेजारी बसून कांड्या भरत होत्या.

“काय शोधूलालास रं बाळा?”

जुने फोटो, म्हटलं.

“आमचा फोटो कोण काढतंय की. पैला फोटो त्यो ओळखपत्राला काढला. हसू नका म्हणाला.”

कपाटातून मतदार ओळखपत्र काढून दिलं. ही ओळखपत्रं १९९३ नंतरची. त्याआधीची साठ वर्षं त्यांच्या चेहऱ्याची नोंद कुठेच नाही. निपाणीकडच्या विडी कामगार बायकांचंही असंच असणार, एखाद्या कार्डावरचा टिकलीएवढा फोटो. ते ओळखपत्र आजींच्या परवानगीने, नंबर झाकून, प्रदर्शनात लावतोय, वकिलांच्या ग्रुपफोटोशेजारीच. कमिटीत यावर कुणी वाद घातला नाही, याचं मला नवल वाटलं.

१० ऑगस्ट

मोर्चाचा फोटो. एका कार्यकर्त्यांच्या घरून आला, मागे काही लिहिलेलं नाही. ते म्हणतात १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधाचा पहिला काळा दिवस. पुढे झेंडे, मागे भिंत.

भिंतीवर निवडणुकीचं चित्र रंगवलेलं आहे, अर्धं माणसांनी झाकलेलं. वासरू गाईला लुचतंय. काँग्रेसची खूण १९६९ च्या फुटीपर्यंत बैलजोडी होती. गाय-वासरू १९७१ च्या निवडणुकीपासून. म्हणजे मोर्चा १९७१ च्या आधीचा नाही. किती नंतरचा ते भिंतीवरचा रंग किती उडालाय त्यावरून सांगता येणार नाही, पावसात एका वर्षातही उडतो.

झेंड्यांच्या रंगावरून पुढे वाद. सत्तरच्या दशकातली फिल्म म्हणजे बहुधा पॅनक्रोमॅटिक, तिच्यावर पिवळा उजळ आणि लाल गडद यायला हवा, कन्नड झेंड्याचे पिवळा-लाल असे दोन पट्टे असते तर वेगळे दिसले असते. इथे एकच राखाडी छटा आहे. भगवा असेल. पण झेंडे फडकताना हललेले आहेत आणि छाप तिसऱ्या हाताची नक्कल आहे, फोटोवरून काढलेला फोटो, त्यात छटा मेलेल्या असतात. मूळ निगेटिव्ह मिळाली तर बघू.

कार्यकर्त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग हा त्र्याहत्तरचा असंल. म्हैसूरचं कर्नाटक केलं तवाचा.” चांगला धागा आहे, नाव १ नोव्हेंबर १९७३ ला बदललं. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय. चौथ्यात ‘१९७१ किंवा नंतरचा’ एवढंच.

१७ ऑगस्ट

किल्ल्यातल्या कमलबस्तीचा, म्हणजे जुन्या जैन मंदिराचा, फोटो घेऊन तिथेच गेलो. इमारतींच्या बाबतीत फोटोइतका दुसरा चांगला साक्षीदार नाही, कारण समोर उभं राहून खांबाला खांब लावून बघता येतं. कुठला दगड नवा, कुठली कड नंतर सांधलेली, सगळं कळतं. बस्ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. जेम्स बर्जेस यांनी १८७४ मध्ये बेळगाव-कलादगीतल्या जुन्या वास्तूंची पाहणी केली. त्या काळी अशा वास्तूंचे फोटो बऱ्याचदा असे काढत : माणसं बाजूला सारायची, फार तर मापासाठी एक जण खांबाशी उभा करायचा. आमच्याही फोटोत अंगण रिकामं आहे. त्यावरून ‘ओसाड पडलेली बस्ती’ असं लिहू नका. अंगण कॅमेऱ्यासाठी रिकामं केलेलं असू शकतं.

२४ ऑगस्ट

ओळी छापून आल्या. बारा बाय अठराचे छाप, फोमबोर्डवर चिकटवून नगाला एकशे ऐंशी रुपये. दुकानदाराने आपणहून सगळे फोटो ‘जरा ब्राइट’ केले होते. पुन्हा करून घेतले, पैसे निम्मे द्यावे लागले, तीन दिवस गेले.

पागोट्याच्या फोटोखाली लिहिलंय : ‘कमानीसमोरचा समूह. १९२४ चे अधिवेशन नव्हे : सावल्या डिसेंबरच्या नाहीत. मधील व्यक्ती कोण ते फोटोवरून ठरत नाही. उजवीकडून तिसरे : फोटो देणाऱ्यांचे आजोबा.’ आजोबांची ओळख त्यांच्या स्टुडिओतल्या फोटोवरून पटली, डाव्या भुवईवर खाच आहे. काका येऊन दोनदा वाचून गेले. ‘गांधी’ हा शब्द कुठेतरी घाला म्हणाले. शेवटी ‘घरच्यांच्या आठवणीनुसार मधील व्यक्ती म. गांधी’ ही ओळ जोडली, कारण तीही खरीच आहे.

राहिलेलं : मोर्चाची निगेटिव्ह शोधणे. बुरशी लागलेल्या प्लेटांची पेटी पावसाळ्यानंतर उघडणे. आणि १९१६ च्या प्रांतिक परिषदेचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर त्यातली मंडपाची कमान आमच्या कमानीशी ताडून बघायची आहे. कमानीच्या डाव्या खांबावर कळसाच्या जागी उलटा घट आहे आणि खालच्या पताकेचं टोक तुटलंय. तेवढं जुळलं तरी पुरे.